टचपॅड झिजतो का, आणि त्याला कव्हर लावावं का?

दोन-तीन वर्षं रोज वापरलेला लॅपटॉप खिडकीशी न्या आणि टचपॅडकडे तिरकं बघा. मधोमध किंवा जरा डावीकडे एक चकचकीत डाग दिसेल. बाकीचा पॅड मंद आणि किंचित खरखरीत, तेवढाच भाग तुळतुळीत. हा डाग एकदा नजरेत भरला की दोन प्रश्न मागे लागतात. पॅड असाच झिजत जाऊन बंद पडणार का? आणि घेतला तेव्हाच कव्हर लावलं असतं तर वाचला असता का? त्यातून ऑनलाइन दुकानं लॅपटॉपच्या पानावरच कीबोर्डचं सिलिकॉन कव्हर, स्क्रीन गार्ड आणि टचपॅडची पारदर्शक फिल्म असा संच पुढे करतात, म्हणून दुसरा प्रश्न जरा जास्तच छळतो. टीव्हीच्या रिमोटची प्लॅस्टिकची पिशवी वर्षानुवर्षं न काढणारी माणसं आपण. शंभर-दोनशे रुपयांत संरक्षण मिळत असेल तर नको कोण म्हणेल?

वरचा थर झिजतो हे खरं आहे. पण बोट कुठे आहे हे ओळखायचं काम तो थर करतच नाही. टचपॅडचे जे भाग खरोखर थकतात ते त्याच्या खाली असतात आणि वर चिकटवलेल्या फिल्मचा त्यांना काडीचा उपयोग नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार आहे. तो नीट कळायला टचपॅडच्या पोटात डोकवावं लागेल.

बोट कळतं कसं

वरच्या आवरणाखाली एक पातळ सर्किट बोर्ड असतो. त्यावर तांब्याच्या बारीक रेषांची जाळी असते. काही रेषा आडव्या, काही उभ्या, एकमेकींना न चिकटता एकमेकींवरून गेलेल्या. कंट्रोलर चिप आडव्या रेषांमध्ये आळीपाळीने वेगाने बदलणारा विद्युत संकेत सोडते आणि उभ्या रेषांपर्यंत त्यातला किती पोचला ते मोजते. दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे त्यांच्या दरम्यान विद्युत क्षेत्र तयार होतं. शाळेत समोरासमोर ठेवलेल्या दोन पट्ट्यांचा कपॅसिटर शिकलो होतो ना, तोच इथे प्रत्येक छेदावर चिमुकल्या रूपात बसलेला असतो.

आता बोट जवळ आणा. आपलं शरीर म्हणजे बरंचसं खारं पाणी, त्यामुळे त्यातून वीज वाहू शकते. बोट टेकलं की त्या क्षेत्राचा थोडा भाग बोटाकडे ओढला जातो आणि पलीकडच्या रेषेवर पोचणारा संकेत तेवढा कमी होतो. छेदावरच्या कपॅसिटरची वीज साठवायची क्षमता, म्हणजे कपॅसिटन्स, एका पिकोफॅरडपेक्षाही (हे त्याचं अगदी चिमुकलं एकक) कमी फरकाने बदलते, पण चिपला तो फरक पुरतो. सगळी जाळी ती सेकंदाला शंभरच्या आसपास किंवा त्याहून जास्त वेळा चाळते.

रेषांमधलं अंतर साधारण चार-पाच मिलिमीटर असतं. मग कर्सर इतका बारीक कसा सरकतो? बोटाचं टोक एका वेळी दोन-तीन रेषांवर पसरलेलं असतं. कुठल्या रेषेवर किती घट झाली यावरून चिप मधला बिंदू काढते आणि बोटाचं केंद्र मिलिमीटरच्या अंशापर्यंत अचूक सापडतं. अनामिकेचा चुकून झालेला स्पर्श, टाइप करताना टेकलेला तळहात, मुद्दाम ठेवलेली दोन बोटं, हे सगळं त्या घटीच्या आकारावरूनच ओळखलं जातं.

या सगळ्या खटाटोपात कुठेही काहीही एकमेकांवर घासत नाही. ना गोळी, ना चाक, ना एकमेकांना टेकणारे धातूचे तुकडे. दाबायचीसुद्धा गरज नाही. वर प्लॅस्टिक असो की काच, ती या कामात फक्त मधली भिंत आहे.

टचपॅड यायच्या आधी अशी चैन नव्हती. ॲपलच्या १९९१ सालच्या पहिल्या पॉवरबुक लॅपटॉपवर ट्रॅकबॉल, म्हणजे बोटाने फिरवायची गोळी, होता. गोळी फिरली की आतले रूळ फिरायचे आणि त्या रुळांवर हातांचा मळ, कपड्यांचे तंतू, सगळं गुंडाळलं जायचं. गोळी बाहेर काढून नखाने मळ खरवडणं हा तेव्हाच्या वापराचा भागच होता. अमेरिकेतल्या युटा राज्यात जॉर्ज गेर्फाइड यांनी १९८८ साली कपॅसिटन्सवर चालणारा टचपॅड शोधला आणि १९९४ साली ॲपलच्या पॉवरबुक ५०० मालिकेत तो लॅपटॉपवर आला. या धंद्यातलं दुसरं मोठं नाव सिनॅप्टिक्स. १९८६ साली फेदेरिको फाजिन आणि कार्व्हर मीड यांनी ही कंपनी काढली ती न्यूरल नेटवर्कवर, म्हणजे आजच्या एआयच्या मुळाशी असलेल्या तंत्रावर, संशोधन करायला. फाजिन म्हणजे इंटेलच्या ४००४ या मायक्रोप्रोसेसरच्या जन्मदात्यांपैकी एक. आज ज्या विषयाचा इतका गाजावाजा चालला आहे त्यासाठी निघालेल्या कंपनीची चूल मात्र बरीच वर्षं टचपॅडवर पेटली, हे मला नेहमी गमतीचं वाटतं.

पडद्याला गार्ड हवाच ही समजूत आली कुठून, तर अशा वस्तूंपासून जिथे तो खरंच हवा होता. काडीने टोचून चालवायची जुनी हातात मावणारी उपकरणं रेझिस्टिव्ह पडद्याची होती. वरची लवचीक फिल्म दाबाने वाकून खालच्या थराला टेकली की स्पर्श कळायचा. त्या फिल्मवरचा वीजवाहक लेप रोजच्या वाकण्याने आणि ओरखड्यांनी खराब व्हायचा. मोबाइलचं कारण वेगळं. तो हातातून निसटतो, किल्ल्यांबरोबर खिशात जातो. टचपॅड यातलं काहीच करत नाही. तो मिटलेल्या झाकणाच्या आत असतो आणि लॅपटॉप पडलाच तर आधी कोपरा किंवा पडदा फुटतो.

तो चकचकीत डाग

नव्या टचपॅडचा मंदपणा हा मुद्दाम आणलेला असतो. पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे उंचसखल कण असतात. त्यांच्यावर पडलेला उजेड सगळीकडे विखुरतो, म्हणून पॅड मॅट दिसतो. शिवाय बोट कणांच्या टोकांवरून सरकत असल्याने ते चिकटत नाही. रोजच्या घासण्याने ही टोकं सपाट होत जातात. एकट्या बोटाने हे सहजी होत नाही. बोटाबरोबर धूळ आणि घामातले क्षार असतात, म्हणजे अगदी बारीक पॉलिश पेपरच म्हणा. टोकं गेली की उजेड सरळ परावर्तित होतो आणि तिथे चकाकी येते. कीबोर्डची 'ए', 'एस' आणि स्पेसबार ही बटणं गुळगुळीत होतात त्यामागे हेच आहे.

वापरून वापरून पाटा गुळगुळीत झाला की त्यावर वाटण नीट वाटलं जात नाही आणि त्याला टाकी लावून घ्यावी लागते. पाट्याचं कामच त्या खरखरीतपणावर चालतं. टचपॅडचं तसं नाही. गेलेला थर काही मायक्रोमीटरचा, त्याखाली उरलेलं आवरण त्याच्या कित्येक पट जाड. तांब्याच्या जाळीला तो फरक जाणवतही नाही. फार तर घामेजलेलं बोट त्या जागी जरा अडखळतं.

आणि बऱ्याचदा तो डाग झिजेचा नसतोच. मऊ सुती कापड किंवा चष्म्याचं कापड पाण्याने किंचित ओलसर करून, लॅपटॉप बंद ठेवून तेवढी जागा पुसा आणि सुकल्यावर पुन्हा तिरक्या उजेडात बघा. चकाकी गेली तर ती त्वचेच्या तेलाची होती. केसांना तेल लावून किंवा हँडक्रीम चोळून लगेच काम करायला बसणाऱ्यांच्या पॅडवर हा थर आठवड्याभरात जमतो.

पॅड कशाचा आहे यावरही बरंच अवलंबून असतं. स्वस्त लॅपटॉपमध्ये साधं प्लॅस्टिक किंवा त्यावर चिकटवलेली पॉलिएस्टरची फिल्म असते. हे लवकर चमकतात आणि फिल्म असेल तर कधी कधी कडेने सुटायलाही लागतात. महागड्या लॅपटॉपमध्ये काच असते. ॲपलने २००८ च्या ॲल्युमिनियमच्या मॅकबुकमध्ये काचेचा पॅड आणला, पुढे विंडोजच्या चांगल्या लॅपटॉपनीही तो घेतला. कठीणपणाच्या मोहस् मापावर आपलं नख अडीचच्या आसपास, काच साडेपाचच्या आसपास. म्हणजे नखाने काचेवर ओरखडा उठणं शक्य नाही. पण वाळूतलं क्वार्ट्झ या मापावर सातवर आहे. घराशेजारी बांधकाम चालू असेल किंवा लॅपटॉप साइटवर नेत असाल तर काचेच्या पॅडवरही बारीक रेघा उठू शकतात. त्या बहुतेकदा वापरताना उठत नाहीत, पुसताना उठतात. धुळीने भरलेला पॅड कोरड्या फडक्याने खसाखसा पुसला की फडक्याखालचे कण करवतीसारखे फिरतात. आधी फुंकर किंवा मऊ ब्रश, मग ओलसर कापड.

हाताच्या वस्तूंकडे कुणाचं लक्ष जात नाही. धातूच्या पट्ट्याचं घड्याळ, कडं, बांगड्या यांनी पॅडच्या खालच्या कडेवर आणि तळहात टेकतो त्या पट्टीवर जे ओरखडे पडतात ते बोटांच्या झिजेपेक्षा कितीतरी खोल असतात. टचपॅडची फिल्म तळहाताची ती पट्टी झाकतही नाही.

खरं थकतं ते क्लिकचं बटण

बहुतेक विंडोज लॅपटॉपमध्ये पॅड वरच्या बाजूला, म्हणजे कीबोर्डच्या कडेला, पातळ पत्र्याच्या बिजागरीवर बसवलेला असतो आणि खालची बाजू दाबली की खाली झुकते. तिथे मधोमध एक छोटा स्विच असतो. आत घुमटाच्या आकाराची धातूची चकती. दाबली की 'टक्' करून उलटी होते, सोडली की परत उठते. म्हणून अशा पॅडवर खालच्या भागात सहज क्लिक होतो आणि वर जावं तसा जोर लागतो, अगदी वर तर होतच नाही.

हा स्विच मात्र यांत्रिक आहे आणि त्याला आयुष्य आहे. हिशेब करून बघा. दिवसाला पाचशे क्लिक, वर्षाचे तीनशे दिवस, म्हणजे वर्षाला दीड लाख दाब. स्विच दहा लाख दाबांचा आहे असं धरलं तर साडेसहा वर्षांच्या आसपास त्याची मर्यादा येते. फोटो संपादन, अकाउंटची कामं किंवा नकाशे काढणाऱ्याचे दिवसाचे दोन हजार क्लिक सहज होतात, मग तोच स्विच दोन वर्षांच्या आतच टेकीला येतो. आधी क्लिकचा आवाज मऊ होतो, मग एक दाब दोन म्हणून नोंदला जातो किंवा फाइल ओढताना मध्येच सुटते. कर्सर मात्र या सगळ्यात ठणठणीत फिरत असतो, कारण त्याचा आणि स्विचचा काही संबंध नाही.

दुरुस्तीवाले अशा वेळी बऱ्याचदा पॅड उलटा करून स्विचच्या टोकावर टेपचा एक छोटा तुकडा चिकटवतात. बिजागरी सैल होऊन पॅड आणि स्विच यांच्यात जी कागदाएवढी फट पडलेली असते ती भरते आणि क्लिक परत येतो. जुन्या मॅकबुकमध्ये तर यासाठी पॅडच्या खालच्या कडेला एक बारीक स्क्रूच दिलेला असायचा, तो किंचित पिळला की क्लिक कडक किंवा मऊ व्हायचा. पूर्ण पॅड बदलायला सांगितलं गेलं तर आधी हा उपाय करून बघा असं म्हणायला हरकत नाही.

त्याहून सोपं म्हणजे स्विच वापरायचाच नाही. पॅडवर बोटाने नुसती टिचकी मारली की क्लिक व्हावा ही सोय विंडोजमध्ये सहसा चालूच असते, पण लोक सवयीने दाबत राहतात. विंडोज ११ मध्ये ती सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, टचपॅड इथे सापडेल. मॅकवर ती मुळात बंद असते. सिस्टम सेटिंग्जमधल्या ट्रॅकपॅडच्या पानावर 'टॅप टू क्लिक' चालू करा. दोन बोटांच्या टिचकीने राइट क्लिक होतो. फाइल ओढायला विंडोजवर दोनदा टिचकी मारून दुसऱ्या वेळी बोट न उचलता सरकवायचं. मॅकवर ॲक्सेसिबिलिटीच्या पॉइंटर कंट्रोलमध्ये ट्रॅकपॅडचे पर्याय उघडले की तीन बोटांनी ओढायची सोय मिळते. सुरुवातीचे चार दिवस हात चुकतो, मग दाबून क्लिक करणंच जड वाटायला लागतं. टचपॅडचं आयुष्य वाढवायचा याहून परिणामकारक उपाय मला माहीत नाही, आणि तो फुकट आहे.

काही लॅपटॉपमध्ये हा स्विच उरलेलाच नाही. २०१५ च्या मॅकबुकपासून ॲपलने फोर्स टच पॅड आणला. काच जवळपास हलतच नाही. चार कोपऱ्यांखालचे सेन्सर दाब मोजतात आणि ठरावीक दाब झाला की एक विद्युतचुंबक पॅडला आडवा हिसका देतो. बोटाला वाटतं, खाली दाबला गेला. विश्वास बसत नसेल तर असं मॅकबुक पूर्ण शटडाउन करून पॅड दाबून बघा, मुका लागतो. मायक्रोसॉफ्टने २०२१ च्या सरफेस लॅपटॉप स्टुडिओमध्ये असाच पॅड दिला. यात झिजायला चकतीही नाही, त्यामुळे यावर फिल्म लावणं म्हणजे तर केवळ हौस.

पॅड बिघडल्यासारखा वाटतो, पण दोष दुसरीकडे असतो

'पॅड झिजला' म्हणून जी तक्रार येते तिच्यामागे बऱ्याचदा चार्जर असतो. कर्सर थरथरतो, उड्या मारतो, मध्येच स्वतःच क्लिक करतो. चार्जरची पिन काढा. कर्सर लगेच शांत झाला तर पॅड निर्दोष आहे.

कारण आपल्या घरांच्या वायरिंगमध्ये आहे. चार्जरच्या आत विद्युत गोंगाट गाळायला काही कपॅसिटर असतात आणि त्यांच्यातून अगदी किरकोळ प्रवाह लॅपटॉपच्या अंगापर्यंत येतो. भिंतीतलं अर्थिंग नीट असेल तर तो जमिनीत जातो. अर्थिंग नसेल, किंवा तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा कन्व्हर्टर लावला असेल, तर लॅपटॉपचं धातूचं अंग २३० व्होल्टच्या जवळपास निम्म्यावर तरंगत राहतं. प्रवाह इतका कमी असतो की इजा होत नाही, पण चार्जिंग चालू असताना झाकणावरून बोटांची मागची बाजू अगदी हलकेच फिरवलीत तर पृष्ठभाग थरथरता, रबरासारखा लागतो. पिन काढली की तीच जागा गुळगुळीत. टचपॅडला पिकोफॅरडच्या अंशातले फरक ओळखायचे असतात, त्यात हा गोंगाट मिसळला की तो गोंधळतो. इलाज वायरमनकडे, फिल्मच्या पाकिटात नाही.

पावसाळ्यात आणखी एक प्रकार होतो. पाण्याचा थेंब वीजवाहक असल्यामुळे पॅडला तो बोटासारखा दिसू शकतो. छत्री मिटवून ओल्या हाताने लॅपटॉप उघडला की कर्सर वेड्यासारखा पळतो, त्याचं कारण एवढंच. हात आणि पॅड पुसून मिनिटभर थांबलं की ताळ्यावर येतो. याच्या उलट, बोटांना घट्टे पडलेल्यांना पॅड दाद देत नाही असं होतं, कारण कोरडी जाड त्वचा म्हणजे जाळी आणि बोट यांच्यात वाढलेलं अंतर. टचपॅडच्या सेटिंगमध्ये संवेदनशीलता वाढवली की बहुतेकदा भागतं.

तिसरी गोष्ट मात्र गंभीर आहे. बऱ्याच लॅपटॉपमध्ये टचपॅडच्या अगदी खाली बॅटरी असते. लिथियमची बॅटरी म्हातारी झाली की आत वायू धरून फुगू शकते आणि ती फुगली की सर्वात आधी टचपॅडला वर ढकलते. क्लिक अचानक कडक झाला किंवा होईनासा झाला, पॅडची एक कड वर आली, झाकण नीट मिटेना, लॅपटॉप टेबलावर डुगडुगायला लागला, ही तिची लक्षणं. अशा वेळी पॅड दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, चार्जिंग बंद करा आणि बॅटरी बदलून घ्या. पंक्चर झालेली फुगलेली बॅटरी पेट घेते. पॅड वर आला म्हणून वर जड पुस्तकं ठेवून तो 'बसवणारे' लोक आहेत, म्हणून इतकं स्पष्ट लिहितो आहे.

कव्हर लावलं तर काय होतं

आता फिल्मकडे येऊ. दोन पट्ट्यांमधलं अंतर वाढलं की कपॅसिटन्स घटतो, हे शाळेतलं सूत्र इथेही लागू पडतं. दशांश मिलिमीटरच्या आसपासची पातळ फिल्म नीट बसली असेल तर पॅडला फारसा फरक पडत नाही. चिप 'बोट नसतानाची' स्थिती सतत हळूहळू नव्याने शिकत असते, त्यात ही फिल्मही सामावली जाते. लावल्यानंतर एकदा लॅपटॉप रीस्टार्ट केलेला बरा. जाड व्हिनाइल स्किन किंवा फुगे राहिलेली फिल्म मात्र त्रास देते. बुडबुड्याच्या जागी हवेचा थर असतो, तो दाबाने कमीजास्त होतो आणि त्याच जागी कर्सर अडखळतो.

फिल्म पॅडपेक्षा किंचित मोठी कापलेली असेल तर पॅडच्या भोवतालच्या फटीवर येते. ती फट पॅडला हलायला ठेवलेली असते. तिच्यावर गोंद आला की क्लिक अडकतो. फिल्म किंचित लहान असेल तर कडेला पायरी तयार होते, तिच्यात काळा मळ साचतो आणि कडेवरून बोट आत सरकवताना दर वेळी ती बोटाला टोचते. मापात एक मिलिमीटरची चूक दोन्ही बाजूंनी नडते.

मग झाकणाचा प्रश्न. हल्लीचे लॅपटॉप इतके पातळ असतात की मिटल्यावर पडदा आणि खालचा भाग यांच्यात नावालाच जागा उरते. ॲपलने आपल्या सूचनांमध्ये पाम रेस्ट (तळहात टेकतो ती पट्टी) आणि कीबोर्डवरची कव्हरं झाकण मिटण्यापूर्वी काढायला सांगितलं आहे आणि कॅमेऱ्यावर काही लावायचंच असेल तर ते छपाईच्या साध्या कागदापेक्षा, म्हणजे ०.१ मिलिमीटरपेक्षा, जाड नको असं म्हटलं आहे. खाली पुस्तकं, वर डबा अशी भरलेली सॅक गच्च दाबली की ती जाडी पडद्यावर उमटते. दोनशे रुपयांच्या फिल्मसाठी पडदा पणाला लावणं मला तरी झेपत नाही.

तरीही फिल्म लावण्यासारखे दोन-तीन प्रसंग आहेत. पॅडवरचा रंग किंवा पॉलिएस्टरचा थर आधीच निघायला लागला असेल आणि बोटाला बोचत असेल, तर पातळ मॅट फिल्म हा नवा पॅड बसवण्यापेक्षा स्वस्त मार्ग आहे. घामट हातांमुळे काचेवर बोट चिकटत असेल तर मॅट फिल्मने सरकणं सुधारतं. आणि वर्ष-दोन वर्षांत लॅपटॉप विकायचाच असेल, तर चकाकी नसलेला पॅड घेणाऱ्याच्या डोळ्यांत भरतो हेही खोटं नाही. अशी फिल्म नंतर काढताना ओढून काढू नका. हेअर ड्रायरच्या मंद वाऱ्याने गोंद जरा मऊ होऊ द्या आणि एका कोपऱ्यातून अगदी आडवी सोलत न्या. सरळ वर ओढली तर रंगवलेल्या पॅडचा रंगच तिच्याबरोबर येतो. मग जी झीज टाळायला फिल्म लावली ती एका झटक्यात पदरात पडते.

सफाईबद्दल एवढंच, की ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलसर केलेलं कापड चालतं, तेही लॅपटॉप बंद असताना आणि कडेच्या फटींत द्रव न जाऊ देता. नेलपॉलिश रिमूव्हर आणि थिनर प्लॅस्टिक विरघळवतात. हातांचं सॅनिटायझरही नको. त्यात त्वचेसाठी घातलेलं ग्लिसरीन मागे चिकट थर ठेवतं आणि तुम्ही पुसायला गेलात त्याच्या दुप्पट मळ त्यावर बसतो.

जुना किंवा रिफर्बिश्ड लॅपटॉप घेत असाल तर दुकानातच पाच मिनिटं पॅडला द्या. पेंटसारखं काहीतरी उघडून एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत हळूहळू तिरकी रेघ ओढा, आधी चार्जर लावून आणि मग काढून. चार्जर नसतानाही ती एकाच जागी तुटत किंवा वाकत असेल तर जाळीत किंवा आतल्या रिबन केबलमध्ये दोष आहे. खालच्या दोन्ही कोपऱ्यांत आणि मधोमध दाबून क्लिक करा, आवाज आणि जोर सारखा हवा. मग लॅपटॉप डोळ्यांच्या पातळीवर उचलून बाजूने बघा, पॅड सपाट आहे की एखादी कड उचललेली आहे. दुकानदाराने पॅडवर नवीकोरी फिल्म लावलेली असेल तर तिच्याखाली काय आहे ते दाखवायला सांगा. मधला चकचकीत डाग दिसला तर घासाघीस करायला तो कामाला येईल.